बाबांची लाळ आणि दुबईहून आलेल्या बाटल्या

पत्र (जागेअभावी थोडं कापून):

डॉक्टरबाई, सप्रेम नमस्कार. आम्ही डिचोलीकडचे. माझ्या बाबांना (वय ६३) जिभेच्या मुळाशी कॅन्सर निघालाय. ऑपरेशन न करता रेडिएशन द्यायचं ठरलंय. ३५ सिटिंग आहेत आणि सोबत आठवड्यातून एकदा सिस्प्लॅटिन ह्या केमोच्या औषधाचं सलाईन. रेडिएशन देताना डोकं हलू नये म्हणून लावतात तो मास्क करायला पुढच्या सोमवारी बोलावलंय. बाबा गावच्या भजनी मंडळात चाळीस वर्षं गातात. डॉक्टरांनी सांगितलं की लाळ कमी होईल, तोंड कोरडं पडेल. ते ऐकल्यापासून बाबा गप्पच झालेत. माझा मामेभाऊ दुबईला असतो. त्याने वाचून-बिचून व्हिटॅमिन ई, सी, सेलेनियम आणि हळदीच्या कॅप्सूल पाठवल्यात. अँटिऑक्सिडंट घेतले की लाळग्रंथी वाचतात, तसे प्रयोग झालेत, असं त्याचं म्हणणं. आमच्या डॉक्टरांना विचारलं तर "काही गरज नाही" म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. बाबा गोळ्यांना कंटाळलेत. त्यांना न सांगता दुधातून दिल्या तर? शेवटी व्हिटॅमिनच ना, काय बिघडणार? विडी सोडली असं ते सांगतात, पण परसात वास येतो. आणि एक विचारते, हसू नका. चवथीला बाबा आरत्या म्हणू शकतील का?
— एक मुलगी

उत्तर:

ताई, आधी उत्तर देते, मग कारण सांगते. त्या बाटल्यांची बुचं उघडू नका. शेवटचं सिटिंग होईपर्यंत तर नाहीच, आणि त्यानंतरही कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. त्या कॅप्सूलमध्ये विष आहे असं मी म्हणत नाही. पण भावाने ज्या गुणासाठी त्या पाठवल्या, तोच गुण तुमच्या बाबांवर उलटू शकतो.

भावावर रागावू नका. त्याने वाचलंय ते खोटं नाही, अर्धं आहे. आणि ह्या अर्ध्यावर मीही एकदा फसलेली आहे. फोंड्याला माझा दातांचा दवाखाना होता तेव्हाची, नव्वदच्या दशकातली गोष्ट. गळ्याला शेक (म्हणजे रेडिएशन) चालू असलेल्या एका गृहस्थांनी मला विचारलं, व्हिटॅमिन ई घेऊ का? मी म्हणाले, घ्या की, व्हिटॅमिनने कुणाचं वाईट झालंय? पुढे त्यांचं काय झालं ते मला कळलं नाही, आणि त्या गोळ्यांनी काही फरक पडला की नाही हे कुणालाच कळणार नाही. पण २००५ साली कॅनडातल्या एका चाचणीचे निकाल वाचले आणि ते गृहस्थ डोळ्यांसमोर आले. त्या चाचणीकडे येतेच.

शेक देतात तेव्हा आत काय होतं ते आधी बघू. पेशीत मुख्यत्वे पाणी असतं. किरण शिरले की पाण्याचे रेणू फुटतात आणि त्यातून हायड्रॉक्सिल रॅडिकल नावाचे तुकडे निघतात. त्यांचं आयुष्य सेकंदाच्या अब्जाव्या भागाएवढं, पण तेवढ्यात शेजारी जे सापडेल त्याचा ते लचका तोडतात. शेजारी डीएनए असला तर तो तुटतो. क्ष-किरणांनी होणाऱ्या नुकसानीतला अंदाजे दोन तृतीयांश वाटा ह्या वाटेने येतो. अँटिऑक्सिडंट म्हणजे ह्या पिसाळलेल्या तुकड्याला स्वतःचा इलेक्ट्रॉन देऊन शांत करणारा पदार्थ. तेव्हा लाळग्रंथीत असे पदार्थ भरपूर असतील तर ती वाचेल, ह्या तर्कात चूक काहीच नाही.

पण गाठसुद्धा पाण्याचीच आहे, आणि मशीन गाठीला मारतं तेही ह्याच रॅडिकलच्या जोरावर. तुम्ही आपल्याकडची खाजनं, खाडीकाठची बांध घातलेली शेतं, पाहिली असतील. मानशीचं (बांधातल्या झडपेचं) दार उघडं राहून खारं पाणी आत आलं तर भात आणि तण दोन्ही करपतात. भात वाचवायला म्हणून गोडं पाणी सोडलं तर ते काही भाताच्याच मुळाशी जात नाही. तणालाही मिळतं. तोंडाने घेतलेली कॅप्सूल रक्तात जाते आणि रक्त गाठीतही जातं. त्यात गाठीच्या पोटात काही पेशी मुळातच चिवट असतात. जिथे ऑक्सिजन पोचत नाही तिथल्या पेशी मारायला अडीच ते तीन पट डोस लागतो. अशा पेशींच्या हातात आपण आणखी एक ढाल कशाला द्यायची?

आता ती चाचणी. कॅनडातल्या क्युबेक प्रांतात डोकं-मानेच्या कॅन्सरच्या सुरुवातीच्या टप्प्यातले ५४० रुग्ण घेतले. निम्म्यांना रोज ४०० युनिट व्हिटॅमिन ई आणि ३० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन, निम्म्यांना दिसायला तशाच पण पोकळ गोळ्या. शेक चालू असताना आणि नंतर तीन वर्षं. मध्येच बीटा-कॅरोटीन बंद करावं लागलं, कारण धूम्रपान करणाऱ्यांत त्याने फुप्फुसाचा कॅन्सर वाढतो असं इतर अभ्यासांत दिसलं होतं. फिनलंडमध्ये २९ हजारांवर धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या अभ्यासात (१९९४) ते घेणाऱ्यांत तो १८ टक्क्यांनी जास्त निघाला होता. क्युबेकमध्ये दोन्ही गोळ्या मिळालेल्यांना शेकाचा तीव्र त्रास खरंच कमी झाला. तुमचा भाऊ इथपर्यंत वाचून थांबला असावा. पुढचं असं: खऱ्या गोळ्या घेणाऱ्या गटात गाठ परत येण्याकडे कल जास्त दिसला, व्हिटॅमिन ई चालू असताना दुसरा नवा कॅन्सर निघण्याचं प्रमाण वाढलं, आणि पुढच्या वर्षांत व्हिटॅमिन ई घेणाऱ्या गटात मृत्यूही जास्त झाले. २००८ साली हेच आकडे पुन्हा तपासले तेव्हा दिसलं की हा तोटा मुख्यतः शेक चालू असताना सिगारेट ओढत राहिलेल्यांना झाला.

परसातल्या वासाबद्दल तुम्ही लिहिलंत म्हणून हे मुद्दाम सांगितलं. कॅप्सूलची काळजी एका बाजूला ठेवा, आधी ती विडी बंद व्हायला हवी. धुरामुळे रक्तातला ऑक्सिजन कमी होतो आणि शेक तेवढा कमी लागू पडतो. हे बाबांना ओरडून नका सांगू. त्यांच्या मंडळातल्या एखाद्या समवयस्काला सांगायला लावा. मुलींचं कुठला बाप ऐकतो!

भाऊ म्हणेल, बाजूने लागलेले प्रयोगही आहेत. आहेत. कोरियात व्हिटॅमिन सी आणि ई एकत्र देऊन पन्नासहून कमी रुग्णांवर एक चाचणी झाली, २०१६ साली छापून आली. गोळ्या घेणाऱ्यांना सहा महिन्यांनी तोंडाचा कोरडेपणा कमी वाटला. मला ते पटतं. पण एवढ्या थोड्या माणसांत कोरडेपणा मोजता येतो, कॅन्सर परत येतो की नाही ते मोजता येत नाही. २०२१ साली कॅन्सरतज्ज्ञांच्या आणि मुखरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी मिळून कोरड्या तोंडाबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात स्वच्छ लिहिलंय की लाळग्रंथी वाचवण्यासाठी व्हिटॅमिन ई किंवा इतर अँटिऑक्सिडंट वापरू नयेत. फायद्याचा पुरेसा पुरावा नाही आणि कॅन्सरच्या उपचारालाच बाधा येण्याची शक्यता आहे. तुमच्या डॉक्टरांचं "काही गरज नाही" हे ह्याचंच तीन शब्दांतलं रूप. त्यांनी आणखी दोन मिनिटं द्यायला हवी होती हे मला मान्य. पण ओपीडीतली गर्दी मीही पाहिली आहे.

ह्या कुळातलं एक औषध मात्र खरं उतरलं. त्याची गोष्ट मला आवडते म्हणून सांगते. अमेरिकी लष्कराला अणुयुद्धात सैनिक वाचवायचे होते. वॉल्टर रीड संस्थेत त्यांनी चार हजारांवर रसायनं तपासली आणि त्यातून अमिफॉस्टिन निघालं. त्याची खुबी अशी की ते निजलेल्या रूपात शरीरात जातं. त्याला जागं करणारं एन्झाइम निरोगी पेशींजवळ भरपूर असतं आणि गाठीजवळ तुटपुंजं. म्हणजे गोडं पाणी बरंचसं भातालाच मिळतं. ३१५ रुग्णांच्या चाचणीत मध्यम ते तीव्र कोरडेपणा ७८ टक्क्यांवरून ५१ वर आला, आणि १९९९ साली अमेरिकेत त्याला ह्या कामासाठी मान्यता मिळाली. मग ते बाबांना का देत नाहीत? कारण रोज शेकाच्या पंधरा ते तीस मिनिटं आधी शिरेतून द्यावं लागतं, रक्तदाब घसरतो, मळमळ-उलट्या होतात, क्वचित अंगावर गंभीर पुरळ येतं. रोज उलट्या करणारा माणूस ३५ सिटिंग पुरी करील का, हा प्रश्न आहे. शिवाय ती मान्यता ऑपरेशननंतरच्या शेकासाठी होती. दरम्यान शेक देण्याचं तंत्रच सुधारलं आणि अमिफॉस्टिन मागे पडलं. लाळ वाचवायची खरी जागा त्या तंत्रात आहे.

बाबांना बहुधा ७० ग्रेच्या (ग्रे हे किरणांचा डोस मोजायचं एकक) आसपास डोस असेल, रोज दोन-दोन ग्रे. आपली लाळ दिवसाला अर्धा ते दीड लिटर तयार होते. कानापुढच्या पॅरोटिड ग्रंथी जेवताना पाणीदार लाळ सोडतात. जबड्याखालच्या सबमँडिब्युलर ग्रंथी एरवीचं तोंड ओलं ठेवतात, रात्री झोपेत आणि गाताना दोन अभंगांच्या मधल्या वेळातही. ह्या ग्रंथींच्या पेशी सावकाश वाढणाऱ्या, तरी शेकाला विलक्षण हळव्या. पहिल्याच आठवड्यात लाळ घटते आणि घट्ट, चिकट होते. पण पॅरोटिडला मिळणारा सरासरी डोस २५-२६ ग्रेच्या खाली ठेवता आला तर ती पुढच्या वर्षा-दोन वर्षांत बरीच सावरते. जबड्याखालच्या ग्रंथीसाठी हा आकडा ३९ च्या आसपास धरतात.

आयएमआरटी नावाच्या तंत्रात किरणांचा जोर ठिकठिकाणी कमी-जास्त करून ग्रंथींना वळसा घालता येतो. ब्रिटनमध्ये ९४ रुग्णांवर चाचणी झाली. एका वर्षाने जुन्या पद्धतीत ७४ टक्के लोकांना त्रासदायक कोरडेपणा होता, आयएमआरटीत ३८ टक्के. मुंबईच्या टाटा मेमोरियलनेही ६० रुग्णांवर अशीच तुलना करून २०१२ साली छापली आणि लाळेच्या बाबतीत आयएमआरटीच सरस ठरलं. कुठल्याही बाटलीने एवढा फरक पाडलेला नाही.

तेव्हा सोमवारी मास्क करायला जाल तेव्हा बाटल्यांच्या आधी हे विचारा: शेक आयएमआरटीने देणार का? दोन्ही पॅरोटिड आखून घेणार का, आणि निदान एका बाजूची २५-२६ च्या आत बसवता येईल का? जबड्याखालची एखादी ग्रंथी वाचते का? कागदावर लिहून न्या. तोंडी विचारताना माणूस गडबडतो. जिभेचं मूळ मध्यावर असतं, त्यामुळे मानेच्या दोन्ही बाजूंना शेक द्यावा लागतो आणि दोन्ही पॅरोटिड नेहमीच वाचतात असं नाही. "ह्या बाजूला जमणार नाही, गाठ जवळ आहे" असं डॉक्टर म्हणाले तर तिथे घासाघीस करू नका. गाठीचा डोस कापून लाळ वाचवायची नसते.

आता माझ्या धंद्याचं, आणि इथे मी जरा लांबण लावणार आहे. लाळ गेली की दातांची राखण जाते. ती आम्ल धुऊन नेते, दाताला कॅल्शियम परत देते, जंतूंना आवरते. शेक झालेल्या तोंडात हिरडीच्या कडेने दात इतके भराभर किडतात की सहा महिन्यांपूर्वी पाहिलेला माणूस ओळखू येत नाही. आणि मग तो दात काढणं हीच मोठी भानगड होते. शेकलेल्या जबड्याच्या हाडाला रक्तपुरवठा कमी, जखम भरत नाही, हाड उघडं पडून कुजू शकतं. म्हणून जो दात वाचणार नाही तो शेक सुरू होण्याआधी काढून टाकायचा आणि जखम भरायला दोन-तीन आठवडे द्यायचे. तुमच्या पत्रात दातांचा शब्दही नाही. सोमवारची वाट न बघता उद्याच बाबांना दातांच्या डॉक्टरांकडे न्या आणि शेक कधी सुरू होणार ते त्यांना पहिल्या वाक्यात सांगा. एक्स-रे काढायला लावा. हलणारी दाढ, अर्धवट मूळ, जुनी किड, सगळं बघायला सांगा. दात काढल्यामुळे शेक आठवडाभर पुढे ढकलायचा की नाही, हे दोन्ही डॉक्टरांनी एकमेकांशी बोलून ठरवायचं. तुम्ही मध्ये निरोप्या होऊ नका. फोनच लावून द्या. (दात काढताना पोटात व्हिटॅमिन ईचा मोठा डोस असला तर रक्त थांबायला वेळ लागू शकतो. बाटल्या बंद ठेवायला हे आणखी एक कारण.)

दातांच्या मापाचा पातळ ट्रे करून घ्या. त्यात फ्लोराइडची जेल घालून रोज रात्री काही मिनिटं लावायची. ही सवय जन्मभराची. जन्मभर म्हटलं की लोकांचे चेहरे पडतात, पण कवळी लावणारी माणसं रोज रात्री वाटीत कवळी ठेवतातच की.

शेक चालू झाला की दोन-तीन तासांनी खळखळून चूळ भरायची. लिटरभर कोमट पाण्यात एक चमचा खायचा सोडा आणि एक चमचा मीठ. बाजारातले झणझणीत, दारू असलेले माउथवॉश घरात आणू नका. तोंडात दह्यासारखा पांढरा थर दिसला तर ती बुरशी असते. तिच्यावर औषध आहे, घरगुती उपाय करत बसू नका.

खाण्याचं. तुम्ही गोव्याच्या, म्हणून तुमच्या स्वयंपाकघराच्या भाषेत सांगते. पोदेर (पाववाला) सकाळी पों-पों करत येईल आणि बाबांना उंडो आठवेल. पण कोरड्या तोंडात पाव म्हणजे कापूस. चहात भिजवून बघा, नाहीतर काही महिने विसरा. पेज चालेल, नाचण्याचं तिजान चालेल, मऊ शीत आणि मिरची न घातलेलं खोबऱ्याच्या रसाचं हुमण चालेल. मासे काटे काढून, कुस्करून. वजन घटू द्यायचं नाही, एवढं एकच ध्येय. वजन उतरलं तर मास्क सैल होतो आणि नेमका बसवलेला शेक सरकतो. मग ग्रंथीला घातलेला वळसाही हुकतो.

आता फुटी कडी आणि सोलकढी. भिण्डांत (कोकमात) अँटिऑक्सिडंट आहेत, आवळ्यात आहेत, पपईत आहेत, आणि कुणीतरी येऊन हे तुम्हाला सांगणारच. ताटातलं चालतं. अन्नातून येणारी मात्रा कॅप्सूलच्या पासंगालाही पुरत नाही, त्यामुळे फळं-भाज्या बंद करायचं कारण नाही. पण तोंडाला फोड आले की आंबट सोसणार नाही. ते बरे झाल्यावर जेवणासोबत वाटीभर कढी घ्या, हरकत नाही. दिवसभर घोट-घोट मात्र नको. लाळ नसलेल्या दातांवर ते आम्ल तसंच बसून राहतं. तिजानात गूळ घातला तर नंतर चूळ भरा. घोट-घोट प्यायचं ते साधं पाणी. मध चघळावा असं सांगणारे भेटतील. तोंडाच्या फोडांवर मधाचे प्रयोग झालेत हे खरं, पण दातवाल्या माणसाने कोरड्या तोंडात साखर धरून बसावं हे माझ्याच्याने सांगवणार नाही.

शेक संपून काही महिन्यांनी लाळ फारच कमी वाटली तर पायलोकार्पिनच्या गोळ्या असतात. ब्राझिलातल्या एका झुडपापासून निघालेलं औषध, उरल्यासुरल्या ग्रंथीला हलवून लाळ काढतं. दमा किंवा काचबिंदूचा एक प्रकार असेल तर चालत नाही. घामही फार येतो, आणि आपल्या मे महिन्यात आधीच घामाच्या धारा. त्याचं पुढे बघू. बिनसाखरेचं च्युइंगम हा त्याआधीचा साधा उपाय, भजनी माणसाला शोभत नसला तरी.

राहिलं दुधातून देणं. ताई, हे लिहिताना तुमच्या मनाला काय वाटलं असेल ते मला कळतं. डोळ्यांसमोर बाप गप्प बसलाय आणि आपल्या हातात काहीच नाही. पण सिस्प्लॅटिन मूत्रपिंडाला जड असतं. व्हिटॅमिन सीचे मोठे डोस तिथेच ऑक्झलेटचा भार टाकतात. हळदीच्या बऱ्याच कॅप्सूलमध्ये मिरीचं सत्त्व घातलेलं असतं, ते इतर औषधांच्या पचनात ढवळाढवळ करतं. उद्या रक्ताच्या तपासणीत काही बिघडलं तर डॉक्टर कारण शोधत राहतील आणि ते तुमच्या दुधाच्या पेल्यात असेल. शिवाय बाबा ६३ वर्षांचे आहेत, लहान मूल नाहीत. बाटल्या पिशवीत घालून सोमवारी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा आणि सांगा, ह्या आमच्या घरी आल्यात. भावाला मात्र आजच फोन करा. पैसे पाठवायचेच असतील तर ते ट्रेला, फ्लोराइडला आणि रोजच्या गाडीभाड्याला लागतील. ३५ वेळा जाऊन-येऊन किती होतात ते त्याला हिशेब करून सांगा.

हसले नाही हो. चवथीचं विचारलंत ते बरं केलंत. बाकी सगळं पत्र रोगाबद्दल आहे, ह्या एका ओळीत बाबा आहेत.

सात आठवडे शेक, म्हणजे तो संपेल आणि जेमतेम महिनाभरात चवथ येईल. तेव्हा तोंडातले फोड भरत आलेले असतील, पण लाळ सगळ्यात कमी असण्याचा काळ तोच. तेव्हा घरोघर फिरून घसा फोडून आरत्या म्हणणं ह्या वर्षी व्हायचं नाही. खोटी आशा देत नाही. पॅरोटिड वाचल्या तर पुढच्या वर्षी शेजारी तांब्या ठेवून, दर कडव्याला घोट घेत म्हणतील. शेक घेतलेले गाणारे मी पाहिले आहेत. आवाज थोडा खरखरीत होतो, तो मंडळाला चालतो. ह्या वर्षी त्यांच्या हातात घुमट द्या. घुमट वाजवायला लाळ लागत नाही, आणि आरती काय फक्त गळ्याने होते? पण हे त्यांना आत्ताच सांगा, म्हणजे चवथीपर्यंत हात बसेल. ते गप्प बसले आहेत त्यावर मला ठाऊक असलेलं हेच एक औषध.

फराळाचं ताट पुढे आलं की नेवरी नको, कोरडी असते, घशात अडकेल. पातोळी द्या, गरम नको, कोमट. हळदीच्या पानात वाफवलेली. तेवढी हळद चालते.